भाद्रपदातलं कच्छ

शुक्रवार, वडोदरा

कच्छ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डिसेंबर-जानेवारी येतो. पौर्णिमेचं पांढरं रण, तंबू, उंटगाड्या. आमच्या दांडिया बाजारात बहुतेक घरांत असा एकतरी फोटो निघेल. मला मात्र कच्छ पाहायचं होतं ते त्याच्या तीन महिने आधीचं, भाद्रपदातलं. तेव्हा मोठ्या रणात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी असतं, आणि त्या पाण्याच्या काठाने, मुरमाड टेकड्यांवर, खाऱ्या चिकणमातीत, वाळूत फुलं येतात. त्यांचा सगळा संसार सहा-आठ आठवड्यांचा. पर्यटकांचा हंगाम सुरू होतो तेव्हा त्यांतली बरीचशी बी टाकून वाळून गेलेली असतात.

यंदा श्रावणात कच्छमध्ये चांगला पाऊस झाल्याचं कळलं आणि मी आत्याला फोन लावला. आत्या वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, आता निवृत्त. मी फोटो काढते, ती नावं सांगते, अशी आमची जुनी जोडी आहे. तिने एका वाक्यात निकाल दिला, "गणपती गेले की निघू. त्यानंतर उशीर होईल."

तिचं म्हणणं बरोबर होतं. नैऋत्य मोसमी पाऊस देशातून परतायला लागतो तो पश्चिम राजस्थान आणि त्याला लागून असलेल्या कच्छच्या बाजूनेच. हवामान खात्याच्या हिशोबात त्याची सर्वसाधारण तारीख 17 सप्टेंबर. एकदा वारा फिरला आणि ऊन कडक झालं की जमीन आठवडाभरात तडकते.

सयाजीनगरी एक्सप्रेस दादरहून येते आणि रात्री आपल्याला उचलून सकाळी भुजला सोडते. सयाजीरावांच्या नगरीचं नाव लावणारी ही गाडी बडोदेकरांना घरचीच वाटते. सामानात बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी 100 मिमीची मॅक्रो लेन्स, एक वाइड लेन्स, पांढरी छत्री, जमिनीवर आडवं होण्यासाठी जुनं जाजम, कॅमेरा टेकवायला तांदळाची पुरचुंडी आणि आत्याचं दहापट मोठं दाखवणारं भिंग. खायला दशम्या, लसणाची चटणी आणि लीलो चेवडो.

गाडी अहमदाबाद सोडून पुढे निघाल्यावर आत्याने अट घातली. "नुसत्या फुलाचा फोटो मला दाखवू नकोस. ते कशावर उगवलंय ते त्यात दिसलं पाहिजे." मॅक्रो काढणाऱ्याला हे सहज पचत नाही. मागचं सगळं धूसर करून फूल एकटं उठवायचं, हीच आमची सवय. पण पुढच्या दिवसांत या अटीनेच माझ्याकडून काम करून घेतलं.

शनिवार, भुज

भुजला उतरलो तेव्हा अंधार होता. हे शहर वडोदऱ्यापेक्षा साडेतीन अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य इथे चौदा मिनिटं उशिरा उगवतो. फोटोवाल्याला ही चौदा मिनिटं मोलाची, चहा पिऊन जागेवर पोचता येतं. ठरवलेली जीप स्टेशनबाहेर उभीच होती. जीपवाले चाचा जन्माने कच्छी, आमच्याशी गुजरातीत बोलत आणि फोनवर घरच्यांशी कच्छीत.

पहिला मुक्काम शहराच्या दक्षिणेला, टपकेश्वरीच्या टेकड्यांत. तांबूस-पिवळा वालुकाश्म, वर मुरमाचा पातळ थर. लांबून पाहिलं तर टेकडी हिरवट दिसते, एवढंच. आपल्याला सवय साताऱ्याच्या कासची, जिथे सप्टेंबरात सडा आख्खा निळा-जांभळा होतो आणि फोटो उभ्या उभ्या मिळतो. चिलीच्या अटाकामा वाळवंटातही पावसाच्या वर्षी जांभळे गालिचे पसरतात, त्यांची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. कच्छमध्ये असा गालिचा नाही. इथे एक फूल, मग दोन हात मुरूम, मग दुसरं फूल. रंग पाहायचा तर आडवं व्हावं लागतं.

उभ्याने दिसलं ते फक्त तरवड. कमरेएवढी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली, आणि प्रत्येकावर काळे भुंगे घुमत होते. तरवडाची काही फुलं घेतली आणि जाजम पसरलं.

नाकासमोर शंखपुष्पी. जमिनीला चिकटून वाढणाऱ्या फांद्या, पानांवर मऊ लव, आणि नखाएवढी फिकट गुलाबी फुलं, कडेला जवळजवळ पांढरी. तिच्या शेजारी सराटा. सराट्याचं पिवळं फूल सकाळीच पाहावं, पाच पाकळ्या उन्हाकडे सपाट उघडतात. आपण सराटा ओळखतो तो पायात मोडल्यावर. पण आत्याने वाळलेला एक काटा फोडून भिंगाखाली धरला तेव्हा वाळवंटातला हिशोब कळला. फळाचे पाच भाग होतात आणि प्रत्येक भागात दोन ते पाच बिया एकीवर एक असतात. त्यांतली सर्वांत मोठी आधी रुजते. बाकीच्या मागे थांबतात. पहिल्या पावसावर उगवलेलं रोप पुढे पाऊस न आल्याने करपलं, तरी वंश बुडत नाही, मागची बी जमिनीत शाबूत असते.

इथल्या एका ऋतूच्या बहुतेक वनस्पती हेच करतात. कुणाच्या बीवरचं कवच जाड, कुणाच्या बीत रुजणं रोखणारी द्रव्यं असतात, ती धुऊन जाण्याइतका पाऊस पडला तरच अंकुर फुटतो. शिडकाव्याला बी भुलत नाही. शिवाय चांगल्या वर्षीही सगळ्या बिया रुजत नाहीत, काही पुढच्या वर्षासाठी राहतात, काही त्याच्याही पुढच्या. आपण जिला उघडी जमीन म्हणतो तिच्या वरच्या बोटभर थरात कित्येक वर्षांचं बियाणं पडून असतं.

मग आत्याला उटांगणाच्या जातीतलं ब्लेफॅरिस सापडलं. गेल्या वर्षीचं मेलेलं झाड, वितीपेक्षाही बुटकं, राखाडी, सगळं काटेरी. या झाडाची बोंडं आई मेल्यावरही तिच्या सांगाड्यावरच बंद राहतात. यंदाच्या पावसाने बरीच उघडली होती, पण खालच्या बाजूला काही मिटलेली उरली होती. "कॅमेरा तयार ठेव," म्हणत आत्याने बाटलीच्या टोपणातून पाण्याचे चार थेंब एका बोंडावर सोडले. मी व्हिडिओ चालू केला. थोडा वेळ काहीच नाही. चाचाही येऊन उकिडवे बसले. आणि टक्कन आवाज झाला, बोंड दुभंगलं, दोन चपट्या बिया उडून जाजमावर पडल्या. त्यांतल्या एकीवर आत्याने थेंब टाकला. बीला चिकटून झोपलेले केस भिंगाखाली एकेक करत उभे राहिले, फुगले आणि बुळबुळीत झाले. त्या चिकट केसांनी बी ओल्या मातीला धरून बसते आणि काही तासांत मूळ सोडते. चाचा म्हणाले, "बेन, हे काटे आम्ही रोज बघतो. आत असं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं." मला या सगळ्या सहलीत सर्वांत आवडलेला क्षण तोच. फोटो म्हणून त्यातून फार काही निघालं नाही, बोंड उघडताना इतकं झटकन उघडतं की फ्रेममध्ये एक पुसट रेघ येते. व्हिडिओत आवाज मात्र स्वच्छ आला आहे.

साडेनऊला वारा सुटला. कच्छचा वारा हा मॅक्रोचा वैरी आहे. 1/500 ची गती ठेवली तरी देठ हलतं. जीप आडवी लावून तिच्या आडोशाला थोडं काम झालं, पण अकराच्या सुमारास शंखपुष्पी मिटायला लागली आणि ऊन डोक्यावर आलं. दुपार भुजमध्ये झोपून काढली.

संध्याकाळी परत त्याच टेकड्या. या वेळी गुग्गुळ. योगराज गुग्गुळाच्या गोळ्या आणि देवापुढचा धूप आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण ज्याचा तो डिंक, ते झाड फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. वाकडंतिकडं, काटेरी, कागदासारखी सुटणारी पातळ साल आणि खाली हिरवी त्वचा. याची लालसर चिमुकली फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, आता फक्त पानं होती. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे झाड 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदलेलं आहे. डिंक जास्त मिळावा म्हणून खोल चिरा देऊन त्यांत लेप भरतात, डिंक भळाभळा येतो आणि झाड वाळतं. आम्हाला दिसलेल्यांपैकी दोन झाडांच्या खोडांवर असे जुने काळे व्रण होते. एक पूर्ण मेलेलं, दुसऱ्याच्या एका फांदीला पानं. त्या फांदीचा फोटो काढला, व्रणासकट.

रविवार, बन्नी

पहाटे साडेचारला निघालो. भुजहून खावड्याच्या रस्त्याला कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथे दिवसा गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. आम्ही अंधारात पुढे गेलो. भिरंडियाऱ्याच्या पुढे उजव्या हाताला एक पायवाट पाण्याकडे जाते, ती चाचांना ठाऊक होती.

बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ पट्टा. एका काळी आशियातल्या उत्तम कुरणांत त्याची गणना होत असे. जमीन सपाट, इतकी की वितभर चढही डोळ्यात भरतो, आणि खारी. पावसाचं पाणी खोलगट भागात साचून राहतं, उरलेल्या जागी मीठ वर येतं. अशा मातीत काय फुलणार, असा माझाही समज होता.

उजाडलं तेव्हा पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आम्ही आडवे होतो. समोर क्रेसा, आयुर्वेदातली रुदंती. बोटभर उंचीचं राखट-हिरवं झुडूप, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी पानं, टोकाशी पांढरट-गुलाबी फुलांचे झुबके. एक फूल अर्ध्या सेंटिमीटरचं, पण पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे पुंकेसर भिंगातून पाहावेत असे. सगळ्या पानांवर पाण्याचे थेंब लोंबत होते. हे दव नव्हतं, शेजारच्या गवतावर एकही थेंब नव्हता. या झाडाच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. मुळांनी खारं पाणी ओढायचं, मीठ पानावर आणून टाकायचं. ते मीठ रात्रीच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पान भिजतं.

मी जागची हलले नाही. सूर्य वर आला तसे थेंब आटत गेले. आधी गोल होते ते पसरट झाले, मग कडेला पांढरी किनार धरली, आणि तासाभराने त्याच पानांवर खडीसाखरेचा चुरा सांडावा तसे स्फटिक चमकायला लागले. त्या एका फांदीचे मी ओळीने फोटो घेतले, कॅमेरा तांदळाच्या पुरचुंडीवर, एफ/11, हात न लावता. या सहलीतले हेच फोटो मी कुणालाही दाखवायला तयार आहे. मागे जमीनही आली आहे, पांढरी पापुद्र्याची, मधून मधून ओल्या मातीचे काळे डाग.

शेजारी लाण्याची, म्हणजे सुएडाची झुडपं. हिचा उपाय वेगळा. मीठ बाहेर टाकायचं नाही, जाड मांसल पानांत साठवायचं आणि पाण्याने पातळ करत राहायचं. हिच्या फुलांना पाकळ्या म्हणाव्यात असं काही नाही, हिरवे ठिपके नुसते. पण पानांना लाली चढते तेव्हा काठचा सगळा पट्टा किरमिजी होतो. फोटोला रंग देते ती हीच, फूल नव्हे.

आम्ही उठत होतो तेवढ्यात म्हशी आल्या. बन्नीच्या म्हशींना 2010 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पीळदार शिंगांची ही जनावरं रात्री आपली आपण चरायला जातात आणि सकाळी आपल्या आपण वाड्यावर परततात. गुराखी लागत नाही. काळ्या पाठींची लांबच लांब रांग आमच्यापासून दहा हातांवरून शांतपणे गेली. पाठोपाठ त्यांचा मालक, पासष्टीचा मालधारी, मोटारसायकलवर. आत्याने त्याला विचारलं की म्हशी यातलं काय खातात. तो खाली बसला आणि गवतं दाखवायला लागला. हे दूध वाढवतं, हे नुसतं पोट भरतं, हे खारं, हे म्हशीला महिन्यातून एकदा तरी लागतंच. आत्या वहीत लिहीत होती, लॅटिन नावं एका बाजूला, त्याची दुसऱ्या बाजूला. मला वाटतं इतकं नेमकं वर्गीकरण असणाऱ्या माणसाच्या जमिनीला कुणी ओसाड म्हणू नये.

त्यानेच पलीकडचा गांडो बावळ दाखवला. मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडचं हे काटेरी झाड, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. रण पुढे सरकू नये म्हणून 1961 मध्ये वनखात्याने इथे लावलं, आणि आज बन्नीचा निम्म्याच्या आसपास भाग त्याने व्यापला आहे. शेंगा गोड, जनावरं खातात, शेणातून बी सगळीकडे. मुळं खोल जातात, पाणी ओढतात, खाली गवत उठत नाही. गाईंना शेंगा बाधतात म्हणून बऱ्याच घरांनी गाई कमी करून म्हशी वाढवल्या. काही घरं याच झाडाचा कोळसा पाडून जगतात, त्यामुळे सरसकट उपटून टाका म्हणणंही सोपं नाही.

तो बावळ तेव्हा फुलला होता. पिवळसर लोंबणारे तुरे, त्यावर मधमाश्या, मागून ऊन. मी फक्त तुऱ्याचा फोटो घेतला आणि तो सुंदर आला. मग वाइड लेन्स लावली, जमिनीला टेकून, तुरा वर आणि झाडाखालची जमीन समोर अशी चौकट धरली. खाली एक हिरवं पातं नव्हतं. दहा पावलांवर, जिथे गावकऱ्यांनी बावळ खणून काढला होता, तिथे गवत गुडघ्यापर्यंत, आणि गवतात शंखपुष्पी, भुईसपाट पिवळी फुलं, रानवेली. हे सगळं एकाच चित्रात आलं. आत्याची अट का होती ते मला या ठिकाणी पटलं. फूल एकटं उठवलेल्या फोटोत गांडो बावळ आणि शंखपुष्पी सारखीच देखणी दिसतात.

दुपारी भिरंडियाऱ्याचा मावा खाल्ला. या म्हशींच्या दुधाचा, ताजा, कमी गोड. कच्छला जाणाऱ्याने तो चुकवू नये.

संध्याकाळी काळो डुंगर. साडेचारशे मीटरच्या वरची ही कच्छमधली सर्वांत उंच जागा आणि वर दत्ताचं देऊळ. टेंबे स्वामींच्या समाधीसाठी गरुडेश्वरला जाणाऱ्या आमच्या बडोद्याच्या माणसांना इतक्या उत्तरेला, रणाच्या तोंडावर दत्त भेटला की बरं वाटतं. मी बाहेरूनच हात जोडले, आत्या गाभाऱ्यात जाऊन बराच वेळ बसली. आरतीनंतर इथे कोल्ह्यांना प्रसाद ठेवतात. आम्हाला अंधार पडण्याआधी उतरायचं होतं.

वरून उत्तरेला नजर जाईल तिथवर पाणी होतं, आणि त्यावर आभाळ. खावड्याच्या उत्तरेच्या खाऱ्या जमिनीवर 72,600 हेक्टरवर 30 हजार मेगावॉटचा सौर-पवन ऊर्जा प्रकल्प उभा राहतो आहे. वीज हवी आहे, ती उन्हातून आली तर उत्तमच. पण अशी जमीन कागदावर 'पडीक' म्हणून नोंदवण्याआधी कुणीतरी भाद्रपदात तिथे भिंग घेऊन आडवं व्हावं, एवढं मला मनापासून वाटतं. मार्च महिन्यात केलेल्या पाहणीत क्रेसा दिसेल, पण सराटा आणि त्याच्यासारखी डझनावारी रोपं नाहीच दिसणार. ती तेव्हा बी होऊन मातीत असतात.

सोमवार, लखपत

आज गाडीत वेळ जास्त गेला. भुज, नखत्राणा, माता नो मढ, मग लखपत. मढला आशापुरा मातेचं दर्शन घेतलं. नवरात्रात इथे सगळ्या गुजरातेतून पायी लोक येतात, तेव्हा रस्त्याकडेला त्यांच्यासाठी मांडव लागतात. या मढच्या मातीत मंगळावर सापडतं ते जॅरोसाइट खनिज आहे, त्यामुळे शास्त्रज्ञही इथे येत असतात.

पुढे रस्त्याच्या दुतर्फा पवनचक्क्या. आणि जिथे त्या संपतात तिथे खडक बदलतो. टपकेश्वरीचा वालुकाश्म नाही, पिवळसर चुनखडी. चाचांनी गाडी थांबवली ती निव्वळ खडा पडलेल्या माळावर. खाली वाकून पाहिलं तर सगळीकडे नाण्यांसारख्या चपट्या गोल चकत्या. न्युम्युलाइट, म्हणजे इओसीन काळात, साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी आणि त्याआधी, इथे उथळ उबदार समुद्र होता तेव्हाचे एकपेशीय जीव. एक पेशी आणि आकार नखाएवढा. हा माळ म्हणजे त्या समुद्राचा तळ.

त्या चकत्यांच्या मधून धमासा उगवला होता. काटेरी, बारीक पानांचा, आणि फुलं गुलाबी-जांभळी, पाचही पाकळ्यांमध्ये फटी सोडलेल्या. न्युम्युलाइट आणि धमासाचं फूल जवळजवळ एकाच आकाराचे. दोन्ही एका चौकटीत बसवण्यात तासभर गेला, कारण फूल जमिनीपासून दोन बोटं वर आणि फोकस दोन्हीकडे हवा. एफ/16 वर गेले, पांढरी छत्री आत्याने धरली, वारा पडण्याची वाट पाहिली. आलं.

आम्ही खरं शोधत होतो ते हेलिक्रायसम कच्छिकम. नावातच कच्छ असलेली ही वनस्पती जगात फार थोड्या ठिकाणी, मुख्यतः कच्छ-सौराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात मिळते. आत्याने ती आजवर फक्त वाळवून कागदावर चिकटवलेली पाहिली होती. लखपतच्या अलीकडे, ओढ्याच्या कोरड्या काठाला, वाळू आणि गोटे मिसळलेल्या उतारावर ती तिलाच आधी दिसली. माझं लक्ष शेजारच्या रुईकडे होतं. रुईचं फूल फार अवघड बांधणीचं, त्याचे परागकण सुटे नसतात, पुड्यांमध्ये असतात आणि भुंग्याच्या पायाला अडकून जातात. ते पाहत असताना मागून आत्याची हाक आली, "इकडे ये गं, लवकर."

राखी-पांढरी झुडपं, पानांवर कापसासारखी लव, आणि टोकांना पिवळी बारीक फुलं, भोवती कोरड्या कागदी पाकळ्या. हात लावला तर खुळखुळ वाजतात. आत्या गुडघ्यांवर बसून नुसती बघत होती. भिंग काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "विद्यार्थ्यांना इतकी वर्षं हिचं नाव सांगितलं. आज भेटली." मी आधी तिचा फोटो काढला, मग झाडाचा. पानांवरची लव दिसायला ऊन आडवं हवं, म्हणून चारपर्यंत तिथेच थांबलो. बाभळीच्या सावलीत दशम्या संपवल्या.

लखपतला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सात किलोमीटरची तटबंदी शाबूत आणि आत थोडीशी घरं. एकेकाळी हे श्रीमंत बंदर होतं. 16 जून 1819 च्या भूकंपात उत्तरेला अल्लाबंद नावाचा उंचवटा वर आला, सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं आणि व्यापार गेला. गुरू नानकांच्या मुक्कामाच्या जागी गुरुद्वारा आहे, तिथे आम्हाला चहा आणि गरम डाळ-रोटी मिळाली. कच्छच्या वनस्पतींचा पहिला मोठा अभ्यास करणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतलं जातं ते जयकृष्ण इंद्रजी ठाकर याच लखपतमध्ये 1849 साली जन्मले. औपचारिक शिक्षण बेताचं, पण सौराष्ट्रातल्या बरड्याच्या डोंगरापासून कच्छपर्यंत त्यांनी पायी हिंडून झाडं नोंदवली, लोक सांगत ती नावं आणि औषधी उपयोग यांसकट. तटावर चढून खाडीकडे पाहताना आत्या त्यांच्याबद्दलच बोलत होती. तिच्या वहीत काल त्या मालधाऱ्याने सांगितलेली नावं होती, काम तेच.

मंगळवार, मांडवी

रात्रीची गाडी भुजहूनच होती, म्हणून सकाळी मांडवी केली. समुद्रकाठच्या वाळूत मर्यादवेल फुलली होती, जांभळी, मोठाली, दुपारपर्यंत टिकणारी. गेल्या दिवसांत अर्ध्या सेंटिमीटरच्या फुलांपुढे आडवं झाल्यावर हे फूल फारच मोठं वाटलं. त्याची जमीन दाखवणं सोपं होतं, वाळू, वेलीने बांधून ठेवलेली टेकडी आणि मागे समुद्र. वेल उपटलेल्या जागी वाळू वाऱ्याने सरकून रस्त्यावर आली होती, तेही घेतलं. रुक्मावतीच्या काठाला लाकडी जहाजं बांधणारे सुतार अजून काम करतात, त्यांना पाहिलं, दाबेली खाल्ली, निघालो.

गाडीत बसल्यावर आत्याने वही उघडली आणि मी लॅपटॉप. प्रत्येक फोटोला नाव, तारीख, खडक किंवा मातीचा प्रकार आणि जवळपास आणखी काय उगवलं होतं ते लिहीत गेलो. बहुतेक फोटो जागेच्या नेमक्या नोंदीसह खुल्या जैवविविधता संग्रहांत टाकायचे आहेत. भाद्रपदात कच्छच्या कुठल्या जमिनीवर काय होतं याचा पुरावा म्हणून ते कुणाच्या तरी उपयोगी पडतील. गुग्गुळ आणि हेलिक्रायसम या दोघांच्या फाइलींमधून मात्र जागेचे आकडे पुसून टाकले. त्यांच्यापुढे फक्त 'कच्छ जिल्हा' लिहिलं, आणि नेमकी जागा आत्याच्या वहीत राहिली.